न पाहिलेल्या धड्याचा शेरा

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
रसायन साठवण कारखाना.

विषय : मयत कामगाराच्या नावापुढील 'प्रशिक्षण पूर्ण' हा शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : टाकी क्र. ७ अपघाताचा चौकशी अहवाल. माझ्या पहिल्या अर्जास आपले उत्तर.

महोदय,

१. मी आपल्या प्रशिक्षण विभागात ऑनलाइन धडे तयार करते. 'बंद टाकीत उतरण्यापूर्वी' हा बारा मिनिटांचा धडा माझाच. दोन महिन्यांपूर्वी टाकी क्र. ७ मध्ये गुदमरून वारलेला कंत्राटी सफाई कामगार माझा धाकटा भाऊ. प्रशिक्षण घेऊनही तो हवा न तपासता आत उतरला, सबब चूक त्याचीच, असे अहवाल म्हणतो.

२. हा धडा फक्त कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कवर, कार्यालयातल्या संगणकांवरच उघडतो. कंत्राटी कामगारांना तिथे पाऊल ठेवता येत नाही. म्हणून कुणाच्याही मोबाइलवर, बाहेरच्या इंटरनेटवर चालेल अशी हलकी आवृत्ती मी बनवली होती. ती गोपनीयतेच्या कारणास्तव नामंजूर झाली.

३. नोंदीनुसार बेचाळीस कामगारांनी एकाच संगणकावर, एकाच तासात हा धडा पूर्ण केला. एकेकाने बारा मिनिटे पाहिला असता, तर आठ तासांहून अधिक लागले असते. मुकादमांनीच सर्वांच्या नावे बटणे दाबली. "वरून शंभर टक्के मागितले होते, बाई," असे ते मला म्हणाले, व तसे लिहूनही दिले. त्या तासाला माझा भाऊ नेत्र रुग्णालयात आईला पाठुंगळी घेऊन जिना चढत होता. मी मागे तिच्या चपला धरून होते.

४. नोंदीतील दुरुस्तीसाठी प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या पासवर्डने अर्ज करावा, असे आपले उत्तर आले. महोदय, त्याला आता ते जमणारे नाही. गेल्या सोमवारी त्याच्या मोबाइलवर कारखान्याचा संदेशही आला : 'अभिनंदन! आपल्या उजळणीची वेळ झाली आहे.' तो त्याच्या मुलीने वाचला.

५. त्याच दिवशी भावजय म्हणाली, "ताई, तो धडा मला दाखवा." मी तिच्या स्वयंपाकघरात नामंजूर आवृत्ती लावली. तिने ती नजर न हटवता पाहिली. "एवढंच होतं? एवढं तर त्यांच्या सहज लक्षात राहिलं असतं."

तरी तो शेरा काढून 'धडा दाखवण्यात आला नाही' असे नोंदवावे, ही कळकळीची विनंती. गोपनीय धडा बाहेर दाखवल्याबद्दल होईल ती कारवाई मला मान्य आहे. हा नियम मी भाऊ जिवंत असताना मोडायला हवा होता.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
मयताची थोरली बहीण,
प्रशिक्षण विभाग
दि. ३ मार्च

सोबत : नोंदीची छापील प्रत, रुग्णालयाची चिठ्ठी, मुकादमांचा लेखी जबाब.