बाबांचा जोड आणि पौर्णिमेचा नारळ

मोठागाव, डोंबिवली (प.)
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय दर्शनदादा,

नमस्कार. तू, योगिनीवहिनी आणि छोटी सान्वी बरे असाल. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही. गंगुआत्या उद्या टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला जाते आहे, तिच्याबरोबर हे पत्र तुझ्या तिथल्या घरी पाठवते. जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. फेब्रुवारीत बाबांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली आणि आतड्याची दोन टोकं जोडली.
२. जोड गळला. पोटात पू झाला. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.
३. जोडाला विश्रांती मिळावी म्हणून त्याच्या वरचं आतडं पोटावर बाहेर काढलं आहे. तिथे पिशवी लावलेली असते.
४. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. जोडातून अजून झिरपतं आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत पिशवी काढायची नाही.
५. बाबा थांबायला तयार नाहीत.

तुला कळवायचं नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे.

पाचवा मुद्दा समजायला थोडं लांबून यावं लागेल. वागळे इस्टेटमध्ये मी नेमकं काय करते, ते तू कधी विचारलं नाहीस. आम्ही ऑपरेशनमध्ये लावायचा गोंद बनवतो. आतडं शिवल्यावर टाक्यांवरून तो पसरायचा, म्हणजे आतलं बाहेर झिरपू नये. मी डुकराचं आतडं कापते, शिवते, वर गोंद लावते आणि आत निळं पाणी भरून दाब वाढवत जाते. गोंद आधी पाण्यासारखा असतो, मग ओल्या आतड्यावर बघता बघता सायीसारखा धरतो. दुपारी खिडकीतून ऊन आलं की आतडं आतून निळं उजळतं. पहिला थेंब कुठून येईल ते सांगता येत नाही, म्हणून नुसतं बघत बसायचं. अशा वेळी मला आपण ठाण्यात आहोत हेच आठवत नाही. खाडीकाठी बसले आहे आणि भरती हळूहळू पायांपर्यंत येते आहे, असं वाटतं.

हे मी एकदा बाबांना सांगितलं. आता जेट्टीवर भेटेल त्याला ते ऐकवतात, "माजे पोरीचा गोंद हाय. ट्यूबचा पंक्चर निंगतो, पोटाचा काय मोठा?" आत्या बाबांना म्हणाली, "गुणा, आदी तुजे तोंडाला लाव तो."

घाई नारळाची आहे. नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ आपल्या घरातून खाडीला जातो. पोटाला पिशवी असताना त्याला हात लावायचा नाही, असं बाबांनी स्वतःच ठरवलं आहे. कुणी तसं म्हटलेलं नाही. कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना असा डॉक्टर मिळाला आहे, जो पौर्णिमेआधी आतडं आत घालून पोट बंद करायला तयार आहे. येत्या शनिवारी, १९ तारखेला, ते तिथे दाखल होणार आहेत. मला म्हणाले, "तू फकस्त गोंद आन."

मी नाही म्हटलं. आमचा गोंद अजून कुठल्याही माणसाला लावलेला नाही. बाजारात जे गोंद आहेत, त्यांनीही गळती खात्रीने थांबते असं कुणी म्हणू शकत नाही. काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत नाही. शिवाय ते ताज्या जोडासाठी असतात. बाबांच्या जोडाला आधीच भोक आहे. पिशवी काढली तर सगळं पुन्हा त्याच वाटेने जाईल आणि पोटात उतरेल. मागच्या वेळी ते वाचले.

हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोंद नाय तर नाय. टाके तं घालतील."

काल मी विचारलं, "नारळ मी नेऊ?" ते हसले. मग विचारलं, "दादाने नेला तर?" ते पिशवीची कड चिकटवत होते. हात थांबला.

"तो ईल?"

"आला, तर थांबाल?"

त्यांनी पिशवीची कड दाबून बसवली. मग म्हणाले, "दिवालीपरत थांबीन."

मी काय मागते आहे ते मला माहीत आहे. तू जेट्टीवर म्हणालेलास, "या गटारात नारळ कसला सोडता?" आणि बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारलेली. खाडीबद्दल तू चूक नव्हतास. मी नंतर पाण्याचा नमुना तपासला. पण नारळावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. घरी राहायला ये असंही म्हणत नाही. नारळ होडीतून न्यायचा, पाण्यात सोडायचा. हवं तर जेट्टीवरूनच परत जा.

आणखी एक. दुसऱ्या ऑपरेशननंतर बाबा गुंगीत होते. माझा हात धरून म्हणाले, "दर्शन, पानी चढतंय. दोर सोर."

मी म्हटलं, "सोडला."

"होरी निंगाली?"

"निघाली."

"तू हायस ना आत?"

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा शांत झाला.

तेव्हापासून मला एक स्वप्न पडतं. होडी चालली आहे, वल्ह्याचा आवाज नाही, पाण्याला वासही नाही. पुढे तुझी पाठ दिसते. मी हाक मारत नाही. मारली तर तू वळशील आणि दुसराच कुणी निघशील, अशी भीती वाटते. जाग आल्यावरही थोडा वेळ अंथरूण डुलत असतं.

नाही म्हणणार असशील तरी कळव. मग मला दुसरं काहीतरी करावं लागेल. काय, ते अजून सुचलेलं नाही.

माझा नंबर तोच आहे. शुक्रवार, १८ जुलैच्या संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझी
दक्षता