उतरता खांदा

आदरणीय फादर,

तुम्ही प्रवचनात म्हणालात, दान गुपचूप करावं, देवाला सगळं दिसतं. मी लगेच ह्यांचा लोकरीचा कोट चर्चच्या कपड्यांच्या पेटीत टाकला. हे गेल्यापासून तो कपाटात नुसता लटकत होता.

काल तोच कोट घेऊन तुमचा रखवालदार माझ्या शिवणाच्या दुकानात हजर! म्हणाला, "मावशी, कुणीतरी दान केलाय, फादरनी मला दिला. पण शिवणाऱ्यानं डोळे मिटून शिवलाय हो. डावा खांदा बघा कसा उतरलाय."

फादर, शिवणारी मी! ह्यांचा डावा खांदाच उतरता होता. कोट त्यावर नीट बसावा म्हणून मी तो कितीदा उसवला होता. जीभ नुसती वळवळत होती, पण गुपचूप म्हणजे गुपचूप. "असतात असे शिंपी," म्हणाले आणि खांदा सरळ करून दिला. उसवायला तासभर लागला, तो वयामुळे.

पैसे घेतले नाहीत, तर पठ्ठ्यानं गल्लीभर माझं कौतुक केलं. अख्ख्या कोटाचं नाव नाही आणि चार टाक्यांचा एवढा गाजावाजा! वर मला ते कौतुक आवडलंसुद्धा.

हे पत्र दिलं तर तुम्हाला कळेल, म्हणून देणार नाही. एक विनंती होती, ती देवालाच करते. रविवारी त्या रखवालदाराला माझ्या पुढच्या बाकावर बसवू नकोस. त्या कोटात पाठमोरा तो अगदी ह्यांच्यासारखा वाटतो, आणि मग खांदा सरळ दिसतो.

तुमची,
नाव लिहायचा मोह आवरलेली