माझ्या होल्स्टरचा अपमान

कोपरखैरणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

श्री. रा. रा. जोतीराम (निवृत्त हवालदार, मुक्काम पाटण, सध्या गुडघ्यांच्या सेवेत) यास आप्पाचा आधी कडक सॅल्यूट आणि मग वाकता येईल तेवढा नमस्कार. तुझी साखर कशी आहे? दुर्गावहिनींचा दमा? (दोन्ही बरं असेल असं धरून पुढं जातो, कारण मला माझंच सांगायचं आहे.) इकडे शालन ठीक. मी मात्र संतापलेला आहे, आणि बीपीची गोळी घेऊन लिहायला बसलोय.

झालं असं, की दसऱ्याला इथल्या पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा असते, आणि यंदा तिथल्या उपनिरीक्षक सोनल मॅडमनी मला पाहुणा म्हणून बोलावलं. जुन्या पोलिसाच्या अंगावर काय काय असायचं ते घेऊन या, म्हणाल्या. माझ्याकडे काय असणार? रिव्हॉल्व्हर, त्याची गळ्यातली दोरी, सगळं केव्हाच सरकारजमा झालं. पण होल्स्टर माझं स्वतःचं. सरकारी ढिलं पडतं म्हणून आपण दोघांनी साताऱ्याला खास शिवून घेतलेलं, आठवतं ना? अस्सल चामडं, वर झाकण, झाकणाला पितळी बटण. मी ते पॉलिश केलं, बटण असं घासलं की त्यात तोंड दिसावं. (आपलं तोंड आता बघण्यासारखं राहिलेलं नाही, तो भाग वेगळा.)

आता रिकामं होल्स्टर चपटं पडतं, म्हणून मी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवत आलोय. शालनला तो बोळा कळकट वाटला. दसऱ्याच्या आठवडाभर आधीच तिनं मला न विचारता तो फेकून दिला आणि आकार राहावा म्हणून आत एक कच्चं केळं सारलं. वर मला सांगितलंही नाही! तीस वर्षं पोलिसाची बायको म्हणून राहिलेली बाई, जोतीराम, आणि शस्त्राच्या जागी केळं!

ठाण्यात गेलो तर टेबलावर नवी पिस्तुलं मांडलेली. ती बघून माझं डोकं आधीच फिरलं होतं. काळीकुळकुळीत, हलकी, पोरांच्या खेळण्यासारखी. आपलं रिव्हॉल्व्हर कमरेला असलं की माणूस एका बाजूला झुकायचा, चालीला वजन यायचं. यांचे पट्टे नायलॉनचे, ओढले की चर्रर्र आवाज. चामड्याचा वास नाही, पितळेची चमक नाही, पूजा कशाची करायची? मॅडमनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, शेवटी माझ्या होल्स्टरपाशी आल्या, आत झेंडू ठेवावा म्हणून त्यांनी झाकण उघडलं आणि केळं बाहेर काढलं. तोवर ते पिकलंही होतं. अख्खं ठाणं हसलं. एक शिपाई तर म्हणाला, "आप्पा, सेफ्टी लावलीय ना?"

मॅडम बिचाऱ्या हसल्या नाहीत. (ओठ दाबून उभ्या होत्या, ते मला दिसलं.) उलट म्हणाल्या, हे आपण ठाण्यातल्या काचेच्या कपाटात ठेवू. मी विरघळलो. पण लगेच स्वतःच्या कमरेचं दाखवून म्हणतात, "हे बघा, अंगठ्यानं दाबलं की पिस्तूल हातात. तुमचं ते बटण उघडेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवत असेल, आप्पा."

इथं माझा तोल गेला. मी म्हणालो, मॅडम, तुर्भ्याच्या पुलाखाली एकजण कोयता घेऊन अंगावर आला होता, तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत याच होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर माझ्या हातात आलं, आणि ते बघूनच गडी गुडघ्यावर बसला! मघाच्या त्या शिपायानं सॅल्यूट ठोकला. एवढ्या वर्षांनी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. रागात अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

तुझा,
आप्पा

ता. क. पत्र खरं तर यासाठी: कपाटातल्या होल्स्टरखाली तो प्रसंग पाटीवर लिहायचा आहे, आणि मॅडमना साक्षीदाराच्या दोन ओळी हव्यात. साक्षीदार तूच. 'डोळ्याचं पातं लवायच्या आत' हे शब्द तेवढे घाल. मैत्रीची शपथ आहे.

ता. क. २ पत्राचं पाकीट खिशात टाकून कांदे आणायला एपीएमसीत गेलो होतो. कोयतेवाला रूपेश आता तिथं कांद्याचा व्यापारी आहे, हे तुला कधी बोललो नव्हतो. कपाळावर अजून व्रण आहे. त्या दिवशी पुलाखाली पावसानं चामडं फुगलं होतं, बटण जाम झालं होतं, मी नखं तुटेस्तोवर ओढत होतो आणि तू मागून "काढ, काढ!" म्हणून बोंबलत होतास. शेवटी कमरेचा पट्टाच सोडला आणि होल्स्टरसकट त्याच्या डोक्यात घातला. उघडलं असतं तर मी गोळी घातली असती, जोतीराम. आज त्यानं हातात पत्रिका ठेवली. म्हणाला, "आप्पा, माझ्या पोरीचं, भाविकाचं लगीन हाय. वैनींना घेवून या, पयल्या पंगतीला."

तेव्हा मॅडमना खरं तेच लिहून पाठव. बटण उघडलं नाही, असं. हसतील त्या. हसू देत.