तीन मुठी वाळू

तुर्भे, १५ डिसेंबर २०२५

ती. अम्मीस सिदराचा सलाम. वि. वि.

फोनवर भावाचं, हुझैफाचं नाव निघालं की मी विषय बदलते, ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून लिहिते.

ओमानला जाताना त्यानं तुझ्यावर सोपवलेला सरडा वाळवंटातला आहे. दिघीची दमट हवा त्याला सोसत नाही. त्याच्या काचेच्या पेटीत पाणी शिंपडू नकोस. दिवा आता आठच तास ठेव, थंडीत तेवढा पुरतो. सूर्यास्ताला, मगरिबच्या नमाजाच्या सुमारास, तो पुढचा पाय उचलून तुझ्यामागे कुणाला तरी सलाम करतो, असं तू म्हणालीस. तिथं कुणी नसतं. काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि दुसरा सरडा समजून तो नमतं घेतो.

दुआत मला धरून ठेव.
तुझी सिदरा

दिघी, ३१ डिसेंबर

चि. सिदरास अम्मीच्या भरभरून दुआ.

बाय, चाचा गेला. गळ्याखाली दाढी हाय म्हणून सरड्याचं हे नाव हुझैफानंच ठेवलेलं. आठ दिवस काही खाल्लं न्हाय. परवा हात लावला तर गार. अंग मात्र मऊ, झोपल्यासारखं. वाससुद्धा न्हाय. काल मलमलीत गुंडाळून नारळीखाली पुरला आणि मयताला देतात तशी तीन मुठी वाळू दिली. शेजारची सोनाबाई हसली, सरड्याला कफन घालतेस काय गं, म्हणाली. हसू दे. एप्रिलमध्ये हुझैफाला तिकडंच दफन केलं, आपलं कुणी नव्हतं. त्याच्या तीन मुठी माझ्या हातात राहून गेल्या होत्या.

वेळेवर जेव. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी अम्मी

तुर्भे, ४ जानेवारी २०२६

ती. अम्मीस सलाम.

पत्र आज मिळालं. अकरा वेळा फोन लावला, तुझा बंद आहे. मुश्ताकमामू उद्या इथून निघून आगरदांड्याहून फेरीबोटीनं तुझ्याकडे येताहेत, त्यांच्याकडे हे देते. वाचताक्षणी वाळू उकर. हातानं, फावडं नको.

चाचा बहुधा मेलेला नाही. उजेडाचे तास कमी झाले की हे सरडे कित्येक आठवडे झोपतात. अंग गार पडतं, श्वास दिसत नाही. मेला असता तर आधी ताठला असता, मग वास सुटला असता. दिवा कमी करायला मी सांगितलं. पुढे काय होईल ते लिहायचं राहिलं. चूक माझी.

सिदरा

दिघी, ५ जानेवारी

चि. सिदरास दुआ.

मुश्ताकच्या हातातला चहा तसाच राहिला, आधी उकरलं. मलमल सोडली तर चाचानं एक डोळा उघडला. मी रडले, मग हसले.

बाय, माझ्या तीन मुठी परत माझ्याकडं आल्या. एक विचारू? हुझैफाचं तोंड आपल्यातल्या कुणी पाहिलं न्हाय. गुसल, मयताची शेवटची आंघोळ, त्याच्या खोलीतल्या अझहरनं घातली. त्याला विचार, अंग मऊ होतं की ताठ? नऊ महिने झाले, ठाऊक हाय मला. तरी विचार.

वाट पाहते.
अम्मी

तुर्भे, ९ जानेवारी

ती. अम्मीस सलाम.

अझहरला मी एप्रिलमध्येच विचारलं होतं. ताठ होतं. म्हणून मी विषय बदलत होते.

पुढच्या शनिवारी येते. दिवा रोज अर्ध्या तासानं वाढव. मगरिबला चाचासमोर तुझ्याशेजारी मी बसेन. पेटीची काच काढून ठेवू. तरीही त्यानं हात उचलला, तर मी मागे वळून पाहीन.

माया आहे तशीच असू दे.
तुझी सिदरा