नकाराचा रकाना

बाई,

उद्या सकाळी अकराला आमच्या संस्थेची बैठक आहे आणि तिथे मला एक पान वाचून दाखवायचं आहे. पान मीच लिहिलंय. भाषा शुद्ध आहे, ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी आहे. तुम्ही पाहिलं असतंत तर चष्मा नाकावर ढकलून म्हणाला असतात, "अक्षर बरंय. उत्तर कुठाय?" म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आठवणीतल्या तुम्ही आता माझ्याच वयाच्या आहात. तरी तुम्हाला नुसतं 'बाई' लिहिलं की पाठ ताठ होते. ह्याला संस्कार म्हणायचं की मणक्याचं दुखणं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलेलं नाही.

पूर ओसरला की चादरी, भांडी आणि औषधं वाटायची, हे आमच्या संस्थेचं जुनं काम. पाणी चढायच्या आधीच माणसं हलवायची, हे नवं. त्याची नियमावली मी लिहिली. ह्या पावसाळ्यात वारज्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या वस्तीत एक म्हातारी बुडाली. आमच्या तक्त्यात तिच्या घरापुढे 'नकार' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं. तिची एकुलती एक लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात दिलेली, तिथल्या नव्या इमारतींत स्वयंपाकाची कामं करते. उद्या एका दिवसाची सुट्टी मागून, दोन बस बदलून ती बैठकीला येणार आहे. तिला मदतीबद्दल काही विचारायचं नाही. आई मागे का राहिली, एवढंच तिला ऐकायचं आहे.

मला आपला नववीतला दिवस आठवतो. धरणातून पाणी सोडलंय, काठावरची माणसं शाळेत आणायची आहेत, आणि तुम्ही तुमच्या संस्कृतच्या वर्गातल्या आम्हा सहाही जणींना बरोबर घेता. गणिताच्या वर्गाला फार समजवावं लागतं, असं तुमचं म्हणणं. एक म्हातारी खोपटाच्या दारात मांडी ठोकून बसली आहे. पोलीस सांगून गेले, शेजारी सांगून गेले, ती हलत नाही. तुम्ही काहीच सांगत नाही. वाकून आत जाता, तिच्या कोंबड्यांची टोपली उचलता, डोक्यावर घेता आणि चालू लागता. इस्त्रीची पांढरी साडी, वर तो कलकलाट. म्हातारी ताडकन उठते. "ए मास्तरीण! भवाने! ठेव खाली माझी टोपली!" निव्वळ शिव्यांच्या जोरावर ती सगळा चढ चढून शाळेत पोचते. कोंबड्या आमच्या वर्गात, फळ्याखाली, आणि फळ्यावर आदल्या दिवशी चालवलेली शब्दरूपं. मी खिदळून विचारलं, "बाई, ह्या कशा चालवायच्या?" तुम्ही टोपली माझ्या हातात दिलीत. "विनोद पाणी उतरल्यावर. आधी धर." आणि मग, माझ्याकडे न बघताच, "माणसाला जे सोडवत नाही ते आधी उचलायचं. माणूस मागून येतो."

मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेलं माझं सहसा वहीतच राहतं.

त्याच वर्षीच्या सहामाहीत मी एक उत्तर पेन्सिलीनं लिहिलं होतं, खात्री नव्हती म्हणून. तुम्ही शून्य दिलंत. "ज्यावर तुझाच भरवसा नाही, ते मी कशाला वाचू?" घरी जाऊन खूप रडले. उत्तर बरोबर होतं, हे आता उशिरा का होईना, नोंदवून ठेवते.

तर नियमावली. तिच्यात नववं कलम आहे, 'निवारा केंद्रात पशुपक्ष्यांस प्रवेश निषिद्ध.' निषिद्ध हा शब्दही माझाच, विद्यार्थिनी कुणाची! कारण साधं होतं. आदल्या वर्षी आम्हाला निवाऱ्यासाठी शाळा मिळाली, आणि लेंड्या पाहून मुख्याध्यापिका पुन्हा देईनात. कलम घातलं, शाळा मिळाली, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ह्या वर्षी सकाळी पाणी सोडणार असल्याचा निरोप आला आणि मी तक्ता घेऊन दारोदार फिरले. तक्त्यात तीन रकाने: आले, येतो म्हणाले, नकार. पुढे बुडालेल्या त्या म्हातारीच्या घराला टेकून पत्र्याचा आडोसा होता, आत शेळी बांधलेली. तिचे गुडघे गेलेले, तरी ती दाराला धरून उभी होती. मी अगदी पुणेरी अदबीनं, आपण, कृपया, असं बोलले आणि तिचा अंगठा घेऊन पुढच्या घराकडे गेले. दुपारी पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती आडोशातच सापडली. मुठीत विळा होता, दावं कापलेलं होतं. शेळी वर रस्त्यावर सुखरूप उभी होती आणि आमच्या संस्थेच्या फलकाचा कोपरा चघळत होती. सगळ्या वस्तीत आमचं काम तिलाच काय ते कळलं असावं.

परवा लेकीचा फोन आला. "म्याडम, आई हट्टी व्हती, मला ठाव हाय. पण ती नगं का म्हणली? मी म्हैनाभर आले नव्हते तिच्याकडं. शेवटच्या बारीला फोनवर भांडलो आमी. माझ्यावरचा राग धरून बसली का वो ती?" मी म्हटलं, "तसं नसावं. सगळं बैठकीत सांगू." नसावं! संशयाचा फायदा स्वतःलाच देऊन मी फोन ठेवला.

बाई, म्हातारी नको म्हणालीच नव्हती. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकून तिनं मला विचारलं होतं, "ताई, गाभण हाय ती. चालंल का साळंत?" मी नववं कलम सांगितलं. "मावशी, आधी आपण चला, शेळीचं नंतर बघू." ती म्हणाली, "नंतर कवा? पानी थांबतंय व्हय?" मी तक्ता उघडला. ज्याला उत्तर नाही त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून मी तिसऱ्यात लिहिलं. दावं सोडून चालू लागायला किती वेळ लागला असता? ती मागून आली असती, मला शिव्या देत. अख्खी वस्ती ऐकत राहिली असती, आणि मला चाललं असतं.

हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही, ही माझी सोयच आहे. शेळी व्यायली, दोन करडं झाली, हेही लेकीनंच फोनवर सांगितलं. उद्याच्या पानावर 'नकार' खोडून मी वर लिहिलंय, 'शेळीला घेता येईल का, असे तिने विचारले. मी नाही म्हटले.' दोन्ही वाक्यं आता समोर आहेत आणि ती पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. पेन शेजारीच आहे, बाई. अजून उचललेलं नाही.