खरखर या नावाच्या नऊ पोस्ट

कसबा बावडा, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २००७

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी कुणाला काही झालेलं नाही. दहा वर्षांनी ताईचं हातानं लिहिलेलं पत्र बंगळूरला कशासाठी, असं तुला वाटेल. मी चिडले आहे, म्हणून. आणि चिडून संगणकावर काही लिहावं, तर तुमच्याकडे माणूस काय म्हणतोय याच्या आधी त्याच्या नावाखालचा आकडा बघतात. इथे कागदावर माझ्या नावाखाली काही नाही. तेव्हा निमूटपणे वाच.

तुझा तो जुन्या रेडिओंचा फोरम मी वाचते, हे तुला ठाऊक नव्हतं. शाळेनं आम्हा सगळ्या शिक्षकांना एमएससीआयटी करायला लावलं, त्यानंतर घरी संगणक आला, मागोमाग इंटरनेट आलं. तुझं नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच अभिमान वाटला. नावाखाली पाच तारे, 'ज्येष्ठ सभासद' अशी पदवी आणि शेजारी पोस्टचा आकडा, सात हजार दोनशे चौदा. तीन वर्षांत सात हजार, म्हणजे दिवसाला सहा-सात. इतकं तू लिहितोस तरी काय, म्हणून मी मागे जाऊन वाचायला लागले. 'छान.' 'अगदी बरोबर.' 'वाढदिवसाच्या शुभेच्छा.' लाकडी कॅबिनेटला कुठलं पॉलिश लावावं यावर एका दिवसात अकरा. प्रसेन, मी वीस वर्षं वर्गात उभी आहे. माझा प्रश्न संपायच्या आत 'बाई मी, बाई मी' म्हणून बाकावर चढणारी मुलं मी रोज बघते. त्यांना उत्तर येत असतं का, ते कुठल्याही शिक्षकाला विचार. पण तुमच्या फोरमवर हात किती वेळा वर केला तेच मोजतात आणि त्यावरून कोण हुशार ते ठरतं. 'शुभेच्छा' मोजल्या जातात एक, आणि सव्वीस वर्षं हात भाजून घेतलेल्या माणसानं लिहिलेली एक ओळ, तीही एकच.

आता सप्टेंबरातली गोष्ट आठव. तुला आठवत नसेल, म्हणून मीच सांगते. कबनूरच्या पिराजी नावाच्या माणसानं फोरमवर पहिल्यांदाच प्रश्न टाकला होता. मागावर काम करणारा माणूस. भंगारातून एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ सेट घेऊन त्यानं चालू केला होता. आवाजाचं बटण तुटलेलं, नुसती लोखंडी दांडी बाहेर आलेली, आणि दांडीला हात लावला की मुंग्या येतात, काय करू, असा त्याचा साधा प्रश्न. सोबत मागचं झाकण काढून घेतलेला एक धुरकट फोटो. तू दहा मिनिटांत उत्तर दिलंस. हाच सेट माझ्या कपाटावर आहे, आत ट्रान्सफॉर्मर आहे, जुना कंडेन्सर थोडा करंट सोडत असेल, काळजी नको, चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, अर्थिंगची वायर जोड की संपलं. त्याच्याखाली चारजणांनी 'सर, अप्रतिम' म्हणून लिहिलं.

मग 'खरखर' असं नाव घेतलेल्या एकानं लिहिलं. त्याच्या नावाखाली एकही तारा नव्हता. त्यानं लिहिलं की कॅबिनेट तेच असलं तरी आतला सेट दोन प्रकारचा येत असे. फोटोतल्या व्हॉल्व्हचे नंबर 'यू'पासून सुरू होतायत, म्हणजे यात ट्रान्सफॉर्मर नाही, घरातली लाइन थेट चासीवर येते. अर्थिंग अजिबात जोडू नका, तीच लाइन वायरीतून जमिनीत उतरेल, दांडीला हात लावू नका, प्लग काढून ठेवा. एवढंच. कुणाला नावं ठेवली नाहीत, शहाणपणा मिरवला नाही. त्यावर तू काय लिहिलंस ते मला पाठ आहे. 'नऊ पोस्टवाल्यांनी आधी शंभर पूर्ण कराव्यात, मग आम्हाला शिकवावं.' पुढे तो हसणारा पिवळा चेहरा. तुझ्यामागे सहाजण हसले. एकानं तर खरखर यांना रेडिओ आणि इस्त्री यातला फरक समजावून सांगा म्हणून सुचवलं.

ते उत्तर आलं तेव्हा मी संगणकासमोर होते, आणि माझ्या शेजारी स्टुलावर, चष्मा कपाळावर सरकवून, खरखर बसले होते. होय प्रसेन. आण्णा.

तूच घरी बोलता बोलता फोरमचं नाव घेतलं होतंस, ते त्यांनी लक्षात ठेवलं. 'पोरगं काय लिवतंय बघू तर,' म्हणून रोज संध्याकाळी माझ्याकडून वाचून घ्यायचे. मधूनच कुणाला उत्तर सांगायचे, ते मी 'खरखर' या नावानं टाइप करायचे. तुझी ओळख करून देणारी पहिली पोस्टही त्यांनी वाचून घेतली. 'मी हे सगळं स्वतःच्या बळावर शिकलो, घरात कुणी शिकवणारं नव्हतं.' मी तिथेच थांबले, पुढे वाचवेना. तर आण्णाच म्हणाले, 'खरं हाय की. मी कुठं शिकवलं त्याला?' आणि तेही खोटं नाही. तू दहा-बारा वर्षांचा असताना डबा घेऊन दुकानात जायचास, आणि सोल्डरिंगला हात लावलास की ते तुला हाकलून द्यायचे. का, ते तुला कधी कळलं का? सव्वीस वर्षं ते लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात पडद्यामागे बसले. गल्ल्यावर मालक बसायचा. सेट दुरुस्त झाला की गिऱ्हाईक मालकाला म्हणायचं, तुमच्या हातात जादू आहे हो. मालक हसून मान डोलवायचा. पडद्यामागे कोण आहे, कुठल्या वस्तीतलं आहे, हे काही घरांना कळू नये अशीच व्यवस्था होती ती. तुला त्या स्टुलावर बसू द्यायचं नाही, एवढ्यासाठी त्यांनी तुला त्या कामापासून लांब ठेवलं. आणि आता तू गल्ल्यावर बसल्यासारखा पाच तारे लावून बसलास, आणि पडद्यामागून बोलणाऱ्याला हसलास. तुला माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण माहीत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाशीही असं बोलायचं नसतं, हे तर घरात शिकवलं होतं ना?

मी त्याच क्षणी तुला फोन लावणार होते. आण्णांनी माझा हात धरला. 'चारचौघांत त्याला खोटा पाडू नगंस. पण त्या कबनूरच्या माणसाचं काय?' मी पिराजीला वेगळा निरोप टाकला. पण तो आठवड्यातून एकदा सायबर कॅफेत येणारा माणूस. तुझं उत्तर वाचून, आभार मानून निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठून बघते तर आण्णा धोतर नेसून, टेस्टर आणि पक्कड पिशवीत टाकून तयार. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतायत, आणि ज्याचं आडनावही माहीत नाही अशा माणसाला शोधायला निघालाय! मी चिडले, पण गेले बरोबर. एसटीनं इचलकरंजी, तिथून रिक्षानं कबनूर. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, आणि आम्ही प्रत्येक शेडच्या दारात ओरडतोय, रेडिओवाला पिराजी कुठं राहतो? शेवटी एकानं बोट दाखवलं.

पिराजी दारातच भेटला. अंगणात ओला खड्डा, खड्ड्यात लोखंडी सळई पुरलेली, आणि सळईपासून खिडकीतून आत गेलेली नवीकोरी तांब्याची वायर. फक्त चासीला जोडायची बाकी होती. आत लोखंडी मांडणीवर तो सेट, आणि मांडणीला लागून लोखंडी खाट. खाटेवर त्याची आई, आक्का. पाय गेलेले, दिवसभर रेडिओ हाच तिचा सोबती. दांडीला फडकं गुंडाळून ती आवाज कमी-जास्त करत होती. मला बघून म्हणाली, 'कवा कवा मुंग्या येत्यात बाई, पर भजनं ब्येस लागत्यात.'

आण्णांनी कशासाठी आलो ते सांगितलं. पिराजी म्हणाला, 'पावणं, बसा, च्या घ्या. पर मला त्या सायबांनी सांगितलंय. सात हजार हाईत त्यांचं. तुमचं किती?' आण्णा म्हणाले, 'नऊ.' पिराजीनं बिचाऱ्यानं चहाची कपबशी पुढे सरकवली. घरी आलेल्या म्हाताऱ्याला काय बोलायचं? प्रसेन, मला रडावं की हसावं ते कळेना. आण्णा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि दांडीला लावला. दिवा लागला नाही! पिराजीला बरं वाटलं. 'बघितलासा? काय न्हाय.' आण्णांनी त्याला दोन पिनांचा प्लग काढून उलटा घालायला सांगितला. पुन्हा टेस्टर लावला, आणि त्यातला दिवा लख्ख पेटला. दांडीवर, चासीच्या पत्र्यावर, खालच्या स्क्रूंवर, जिथे लावाल तिथे. 'प्लग तुमी रोज बघून घालतासा व्हय?' एवढंच आण्णांनी विचारलं. पिराजीनं खाटेकडे बघितलं, मांडणीकडे बघितलं, आणि ती तांब्याची वायर गोळा करायला लागला.

आण्णा तिथे चार तास बसले. लोखंडी मांडणी हलवून लाकडी पेटी आणवली, दांडीवर लाकडाचं बटण तासून बसवलं, खालचे स्क्रू मेणानं बुजवले, मागचं झाकण पक्कं केलं. इचलकरंजीतून कुठला ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये जोडायचा ते कागदावर लिहून दिलं, आणि तो जोडेपर्यंत आक्कानं बटणाला हात लावायचा नाही, पिराजीच लावेल, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मी त्यांना काम करताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, कारण त्या पडद्यामागे मी कधी गेलेच नव्हते. निघताना पिराजी पाया पडला. परत येताना आण्णा एसटीत झोपले, आणि मी तुझ्यावर मनातल्या मनात सगळा राग काढत बसले.

पुढच्या आठवड्यात पिराजीनं फोरमवर सगळं लिहिलं. कोल्हापूरचे खरखर आजोबा घरी आले, आईचा जीव वाचला. त्यावर तू लिहिलंस, 'फोटो स्पष्ट नव्हता. आधी तपासून बघा, हे मी गृहीत धरलं होतं.' आणि कुणीतरी तो विषय बंद करून टाकला. तुझे तारे पाच ते पाचच राहिले, आणि त्या दिवशी तुझ्या पोस्ट सात हजार चारशे सत्तावीस झाल्या. मी तावातावानं ते आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'फोटो धुरकट व्हताच की. त्याचं काय चुकलं?' बापानं मुलाची बाजू घ्यावी, पण इतकी?

हे सगळं मी गिळलं असतं. पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तू खरखर यांना खासगी निरोप पाठवलास. 'सर, माझं त्या दिवशी चुकलं. मनाला लागून राहिलंय. आपण कुठे शिकलात? माझ्याकडचा एक सेट गुरगुरतो, मला सांगाल का?' मी तो आण्णांना दोनदा वाचून दाखवला. ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि उत्तर सांगायला लागले. तेव्हापासून रोज तुझा एक प्रश्न आणि त्यांचं एक उत्तर. तू त्यांना 'आपण' म्हणतोस, 'सर' म्हणतोस, एका निरोपात तर माझे वडीलही याच कामात होते, पण त्यांना विचारायचं राहून गेलं असं लिहिलंस. ती ओळ वाचून मी संगणकासमोरून त्यांच्याकडे वळले. मी म्हटलं, आण्णा, आता तरी सांगू या. तर म्हणाले, 'नको. इतक्या वर्षांनी पोरगं मला काय तरी इचारतंय. मी हाय कळलं, तर इचारायचं थांबंल.' प्रसेन, तुम्हा दोघांच्या मधे बसून माझी बोटं दुखायला लागली आहेत. घरातला बाप घरातल्याच मुलाशी परका होऊन बोलतो आणि त्यात सुख मानतो, हे मला आता बघवत नाही. मी त्यांना दिलेला शब्द मोडते आहे. रागावले तर माझ्यावर रागावू देत. तुझ्या गुरगुरणाऱ्या सेटचं कारण त्यांनी काल नेमकं सांगितलं. ते मी टाइप केलेलं नाही आणि करणारही नाही. तुला हवं असेल तर फोन लाव आणि आण्णांनाच विचार. त्यांना उठून यायला वेळ लागतो, चार रिंगांत ठेवून देऊ नकोस.

अजून रागातच, पण तुझीच,
शालनताई