एका प्लेटवर राहिलेली रेघ

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एक्कावन्न, खोक्यांच्या कारखान्यात डिझाइनर, लिहून ठेवते की माझा उजवा हात आणि दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली असली तरी डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. उलट दबाव आणण्यासाठीच करते आहे. मी सांगते आहे आणि माझा थोरला भाऊ, दादा, टाइप करतो आहे. त्याने एकही शब्द बदलायचा नाही.

१. राहतं घर माझी एकुलती एक मुलगी बबडी हिचं. मधल्या खोलीत छपाईचं मशीन आहे. ते लोखंडी धूड भिंत पाडून आत आणलं होतं. ते हलवू नये. दादाने ते दोनदा भंगारवाल्याला दाखवलं आहे.

"हे पण टाइप करू?" दादा विचारतो.

हे आधी कर.

२. बँकेत जे असेल ते सगळं बबडीच्या फीसाठी. माझ्या औषधपाण्यावर यापुढे त्यातला पैसा घालू नये.

३. बबडीला विद्यापीठात ललित कलेला जागा मिळाली आहे. विषय माझाच, मुद्राचित्रण: तांब्याच्या प्लेटवर चित्र कोरायचं आणि त्याचे छाप काढायचे. प्रवेशाची मुदत सोमवारी संपते आणि बाईसाहेब म्हणतात, "आई, तुला सोडून मी कुठ्ठेही जाणार नाही. तुझी चित्रं छापून विकू, भागेल आपलं."

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. दादा म्हणाला, "तू थांब घरी, माझी नोकरी आहे. पुढच्या वर्षी कर पूर्ण." ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे. पदवी नाही म्हणून कलाशिक्षिकेची जागा हुकली. मीच घरी शिकवलेली मुलगी तिथे लागली. मी जन्मभर खोक्यांवर बिस्किटं काढली, आतल्यापेक्षा मोठी. दादा, तुला मी माफ केलेलं नाही. टाइप कर.

पदवी घेतलीस की नोकरी चालत येईल असं मी लिहून देत नाही, बबडी. शिकवणं आहे, पुस्तकांची चित्रं आहेत, संग्रहालयात जुन्या चित्रांची डागडुजी आहे आणि प्रत्येक दारात ही लांब रांग आहे. मला त्या रांगेतसुद्धा कोणी उभं केलं नाही.

४. ठरलेले छाप निघाले की आम्ही प्लेटवर आडवी रेघ ओरखडतो. मग ती प्लेट बाद. या आठवड्यात बबडी औषधं आणायला गेली की मी डाव्या हाताने माझ्या प्लेटा बाद करत होते. रेघा वाकड्या आल्या, पण आल्या. फार जिवावर आलं. आता विकायला काही उरलेलं नाही, बबडी. रड, भांड, पण जा. मी तुझ्यापुढे हात जोडते. एक उचलत नाही, तरी जोडले असं समज. सोमवारच्या आत मी गेले, तर आधी फी भरायची, मग माझं काय ते.

५. एक प्लेट राहिली. लहानपणची बबडी, मशीनखाली झोपलेली. त्या तोंडावरून माझ्याने रेघ ओढवेना. पदवी हातात पडेल त्या दिवशी तिने एक छाप स्वतःसाठी काढावा, खाली पेन्सिलने किती छापांपैकी कितवा तो आकडा घालावा आणि रेघ स्वतः मारावी.

ठिकाण: मधली खोली
दिनांक: १४ जून, शनिवार

डाव्या अंगठ्याचा ठसा, मशीनच्या शाईत. खाली पेन्सिलने: १/१

साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई. रुग्ण शुद्धीवर आहे, जरा जास्तच.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, निवृत्त टायपिस्ट. एकही शब्द बदललेला नाही. बबडीने सोमवारी जावं. या वेळी घरी मी थांबतो.